उजेड वाढला म्हणजे शहर वाढलं?

खाडीकाठ:
परवा इथे कुणीतरी 2012 चं आणि आत्ताचं रात्रीचं उपग्रहचित्र शेजारी शेजारी लावून "कोकणाचं शहर झालं" असं जाहीर करून टाकलं. डोकंच फिरलं. अहो, ही चित्रं घेणारा सुओमी एनपीपी उपग्रह आपल्यावरून जातो रात्री दीडच्या सुमारास. आमच्या वाडीत 30 घरं, 24 ना कुलूप. तेव्हा जागा असतो तो फक्त ग्रामपंचायतीचा हायमास्ट, आणि त्याखाली एक कुत्रं. पिक्सेलची बाजू साधारण 750 मीटर. वाडी, देऊळ, अर्धी खाडी, सगळं एकाच ठिपक्यात!

दापोलीचा_डोंबिवलीकर:
चित्र लावणारा मीच. वाडीचं सोडा, खेड-चिपळूण पट्टा बघा. लोटे एमआयडीसी, चौपदरी हायवे, हे काय काजवे आहेत? आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आई कित्येक दिवस कंदिलावर होती. उजेडाची किंमत आम्हाला नका शिकवू.

खाडीकाठ:
आईंबद्दल वाईट वाटतं. पण जून ते सप्टेंबर ढगांमुळे धड चित्रच मिळत नाही, आणि गणपतीला घरं उघडतात ती नेमकी त्यातच. शिवाय या उपग्रहाच्या सेन्सरला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले की गाव चित्रात उलट मंद होतं.

दापोलीचा_डोंबिवलीकर:
व्वा! उजळलं तर वाढ नाही, मंदावलं तर वाढ असू शकते. सोयीचं आहे.

रापणवाला:
एलईडीचा विषय निघालाच आहे म्हणून. मालवणसमोर समुद्रात ठिपके दिसतात ते बघितलेत? तिथे कुठली नगरपालिका आहे? केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर जत्रा. मासळी त्या उजेडाकडे जाते, आणि आमची 40 माणसं सकाळी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढतात तर हाती दोन टोपल्या तारली.

पर्ससीन_पोरगा:
आम्ही पर्ससीनवाले, म्हणजे बोटीतून गोल जाळं टाकणारे, सगळेच एलईडी लावत नाही. कर्ज आम्हालाही आहे. उगाच चोर म्हणू नका.

रापणवाला:
चोर म्हटलं नाही. तुम्हीच ओळखलंत.

खाडीकाठ:
अहो, विषय शहरवाढीचा होता...

दापोलीचा_डोंबिवलीकर:
बरं, समुद्रातले ठिपके मी वगळायला हवे होते, मान्य. हायवे मात्र सोडणार नाही.

रापणवाला:
वगळू नका हो! बंदी कुठे मोडली ते त्याच ठिपक्यांत दिसतंय. ते कोणाक दाखवूचे, ता सांगा.