माशोच्या मासमध्ये गंधार चढाच हवा

षड्जपंचम:
फ्रेंच संगीतकार गीयोम द माशोचा चार आवाजांचा मास, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं गायन (14वं शतक, रँस), बरेच कॉयर म्हणजे गायकवृंद शुद्ध, गोड गंधार (खालच्या स्वरापासून तिसरा स्वर) लावून गातात. मला ते चूक वाटतं. डी-वर येणारी समाप्ती घ्या: टेनर (आधाराचा आवाज) ई-वर, त्याच्या वर जी शार्प आणि सी शार्प, तिथून डी-ए-डी. पायथागोरसच्या हिशेबाने (पंचमावर पंचम रचत) ई ते जी शार्प 408 सेंट (सप्तकाचे 1200 सेंट). तो शुद्ध गंधाराच्या 386 वर उतरवला, की जी शार्प ते ए हे अंतर 90 चं 112 होतं आणि ओढच जाते. तो स्वर बोचायलाच हवा, तरच पुढचा रिकामा (गंधार नसलेला) पंचम मोकळा वाटतो.
सरावात आधी डी-ए पक्का करा, आवाजात कंप अजिबात नको. मग मधल्या आवाजाने ए-जी शार्प-ए असं वरून उतरावं. ई-वरून मोजत चढलात तर गळा हटकून 386 वर बसतो.

कंठस्थ:
असहमत. ग्लोरियात ‘जेसू क्रिस्ते’वर चारही आवाज लांब स्वर धरून थांबतात. अशा जागी गंधार आला तर? खालचा स्वर 200 हर्ट्झ धरा. त्याचा पाचवा स्वयंभू (त्यातच आपोआप वाजणारा पाचपट कंपनांचा स्वर) 1000, चढ्या गंधाराचा चौथा 1012.5. सेकंदाला साडेबारा विस्पंद (आवाजाचे हेलकावे)! दगडी चर्चमध्ये नुसती खरखर. 81/64 (चढ्या गंधाराचं गुणोत्तर) हे मोनोकॉर्डच्या, म्हणजे स्वर मोजायच्या एकतारी वाद्याच्या तारेवरचं गणित. संगीतशास्त्रकार ओडिंग्टनने 1300च्या सुमारास लिहिलंय, की गायक ही अंतरं गळ्याने गोड करून घेतात.

षड्जपंचम:
अहो, ओडिंग्टन इंग्लिश! ओल्ड हॉल हस्तलिखितातल्या इंग्लिश रचनांत तिसऱ्या-सहाव्या स्वरांची अंतरं रांगेने चालतात, तिथे 386 खुशाल लावा. माशोकडे गंधारावर मुक्काम क्वचितच. उलट संगीतशास्त्रकार मार्केट्टोने 1318च्या सुमारास टोनचे (पूर्ण स्वराच्या अंतराचे) पाच भाग पाडून समाप्तीआधीचा स्वर आणखी चढवला.

कंठस्थ:
मार्केट्टो पदुआचा. इंग्लिश माणूस परका आणि इटालियन घरचा, हे कसं काय?

तारसप्तक:
भांडण चालू द्या, पण एकेका आवाजाला गायक किती? तिघं-तिघं असले तर हा 22 सेंटचा फरक त्यांच्या आपसातल्या फरकातच बुडतो. एकेकच ठेवा. गॉथिक व्हॉइसेस या गायकगटाने 1980 नंतर वाद्यं बाजूला ठेवून हेच केलं.
आणि सरावाला तानपुरा नको. डी-ए लावला की त्यातला स्वयंभू गंधार एफ शार्पला 386 वर खेचतो. नुसता साइन टोन लावा, त्यात वरचे स्वयंभू नसतात.