घरच्या घरी कारचा मूळ सायलेन्सर काढून बाजारातला दुसरा बसवणे: वेल्डिंगशिवाय जमेल का?

प्रश्न (लेखक: मधला_गिअर)

माझ्या पेट्रोल कारच्या मागच्या सायलेन्सरची शिवण गंजून फुटली आहे आणि गाडी वेग घेताना मागून फाटल्यासारखा आवाज येतो. मूळ बनावटीचाच सायलेन्सर पुन्हा घेण्याऐवजी बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा, सरळ नळीचा सायलेन्सर बसवावा, असा विचार आहे. आवाज थोडा भारदस्त झाला तर मला आवडेल. मात्र घरात लहान मूल असल्यामुळे लांबच्या प्रवासात आतमध्ये सतत घुमणारा आवाज अजिबात नको. मूळ सायलेन्सर मधल्या पाइपला वेल्डिंगने जोडलेला आहे, त्यामुळे नुसते नटबोल्ट सोडवून तो निघणार नाही. माझ्याकडे जॅक, जॅक स्टँड, पान्यांचा संच आणि हॅक्सॉ आहे. वेल्डिंगचे यंत्र नाही. पाइप कापून क्लॅम्पने केलेला जोड टिकतो का, आणि सायलेन्सर बदलल्यामुळे डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागण्याची शक्यता आहे का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (लेखक: पाना_पक्कड)

क्लॅम्पचा जोड उत्तम टिकतो, पण त्यासाठी मापे अचूक असावी लागतात आणि ती सगळी मापे हॅक्सॉ हातात घेण्यापूर्वीच घ्यायला हवीत. मधल्या पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा. गंजाची पापुद्रे सुटलेली जागा मोजू नका, कारण तिथे माप फसवे येते. नव्या सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास या मापापेक्षा किंचितच मोठा हवा. 'दोन इंची' असे लिहिलेल्या सायलेन्सरमध्ये ते माप आतले आहे की बाहेरचे, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर आणि सव्वादोन इंच म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर; हा फरक क्लॅम्प आवळून भरून निघत नाही, त्यासाठी व्यास जुळवणारा वेगळा तुकडा मध्ये घालावा लागतो. व्यासाइतकेच महत्त्वाचे म्हणजे तोंड मध्यावर आहे की एका बाजूला, आणि सायलेन्सरच्या डब्याची लांबी किती आहे, हेही जुन्याशी ताडून पाहा.

कापताना पाइप जुन्या वेल्डिंगच्या जरा मागे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला कापावा. जास्त उरलेला पाइप नंतर कमी करता येतो, कमी पडलेला वाढवता येत नाही. नवा सायलेन्सर पाइपवर चार ते पाच सेंटिमीटर चढला पाहिजे. तेवढा भाग गोल आणि सरळ असावा, आणि जुन्या वेल्डिंगचा उंचवटा त्यात येत असेल तर तो कानशीने घासून सपाट करावा. कापलेल्या कडेचे बोचरे टोक आतून-बाहेरून घासून काढले की नळी सहज सरकते. इंग्रजी 'यू' आकाराचा क्लॅम्प स्वस्त असतो, पण तो पाइपला खोलवर दाबून विद्रूप करतो आणि पुढे कधी सोडवायची वेळ आली तर दोन्ही नळ्या एकमेकींत अडकलेल्या सापडतात. त्यापेक्षा रुंद पट्ट्याचा क्लॅम्प घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. तो सर्व बाजूंनी सारखा दाब देतो.

आधी सगळे क्लॅम्प सैल ठेवून सायलेन्सर रबरी हँगरवर टांगा, मग फिरवून त्याची बैठक जुळवा आणि शेवटी आवळा. हँगरचे रबर निघत नसेल तर साबणाचे पाणी किंवा सिलिकॉनचा फवारा वापरा. खनिज तेल वा ग्रीस लागले तर ते रबर फुगून लवकर खराब होते. सायलेन्सर आणि ब्रेकची नळी, इंधनाची नळी व बंपर यांच्यात किमान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहिली आहे, याची खात्री गाडी चाकांवर उभी असतानाही करून घ्या, कारण मागचा आस वर येतो तेव्हा ही जागा कमी होते.

उत्तर २ (लेखक: शांत_प्रवास)

तुमची घुमणाऱ्या आवाजाची काळजी रास्त आहे. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० स्पंदने. नेमक्या याच खालच्या पट्टीत गाडीची पोकळी घुमते. सरळ नळीच्या सायलेन्सरमध्ये छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचेचे किंवा पोलादी तंतू भरलेले असतात; ते तीक्ष्ण, उंच पट्टीचा आवाज चांगला शोषतात, पण खालच्या पट्टीपुढे कमी पडतात. मूळ सायलेन्सरमधल्या कप्प्यांत आवाजाच्या लाटा उलट फिरून एकमेकींना मारतात, म्हणून तो आतून इतका शांत वाटतो. लहान मूल सोबत असेल तर कप्प्यांचा, किंवा निदान लांब आणि मोठ्या डब्याचा सायलेन्सर निवडा. मधला छोटा रेझोनेटर (घुमणारा आवाज कमी करणारा डबा) मात्र काहीही झाले तरी काढू नका. आपल्याकडच्या ध्वनिमर्यादेत बसणारा, मान्यतेची खूण असलेला सायलेन्सरच घ्यावा. आवाज रस्त्यावरच्या इतरांनाही ऐकावा लागतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (मधला_गिअर)

दोघांचेही आभार. कप्प्यांचा सायलेन्सर पाहतो. जुन्याच्या तळाशी एक बारीक छिद्र आहे. ते गंजाचे की मुद्दाम ठेवलेले? नव्यात तसे छिद्र असेल तर बुजवावे का?

उत्तर ३ (लेखक: उष्ण_नळी)

ते छिद्र गोल आणि स्वच्छ कडेचे असेल तर मुद्दाम ठेवलेले आहे, बुजवू नका. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही, वाफेचे आतच पाणी होते आणि डबा आतून गंजतो; ते पाणी गळून जावे म्हणूनच हे छिद्र असते. नवा सायलेन्सर बसवताना असे छिद्र सर्वांत खाली येईल अशी त्याची दिशा ठेवा. कप्प्यांच्या सायलेन्सरवर आत येण्याच्या तोंडाची खूण असते, तीही पाहून घ्या.

इंजिनाच्या दिव्याबद्दल: ज्यांच्या मोजणीवरून हा दिवा लागू शकतो ते ऑक्सिजन सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी आणि लगेच नंतर असतात. तुमचे काम त्यांच्या बरेच मागे होणार असल्याने त्यांच्या मोजणीवर परिणाम होण्याचे कारण नाही. कन्व्हर्टरला मात्र हात लावू नये. शक्ती वाढेल अशी अपेक्षाही ठेवू नका; केवळ मागचा डबा बदलून जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

जीवाशी संबंधित दोन गोष्टी विनंतीपूर्वक सांगतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका: जमीन कठीण व सपाट हवी, जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, गाडी जॅक स्टँडवर बसल्यावर तिला जोराने हलवून पाहावे आणि मगच खाली जावे. कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाचा भुगा सरळ तोंडावर पडतो. दुसरे म्हणजे गळती. जोड सैल राहिला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साचून आत शिरू शकतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. म्हणून गाडी उघड्या जागेत थंड अवस्थेत सुरू करा, जोडावर साबणाचे पाणी लावा आणि हातमोजा घालून ओल्या जाड फडक्याने मागचे तोंड काही क्षण अंशतः झाका. बुडबुडे आले तर इंजिन बंद करून जोड पुन्हा बसवा. पहिल्या लांब फेरीनंतर नळ्या तापून निवतात तेव्हा क्लॅम्प किंचित सैल पडतो. गाडी पूर्ण थंड झाल्यावर त्याचे नट एकदा पुन्हा आवळा.