रात्रीतून टाकी ९ सेंटिमीटर उतरली. बोअर मारायचं की मीटर बसवायचे?

नाइलाजाने_सेक्रेटरी (इंदिरानगर, नाशिक)
४८ फ्लॅटची सोसायटी. कोणीच तयार होईना म्हणून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात. टँकर सुरू झालेत आणि रविवारच्या सभेत निम्मे लोक 'दुसरं बोअर मारा' म्हणणार.

मी आधी हिशेब मांडला. माणसं १९२. शहराच्या योजनेत धरतात तसे माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला सुमारे २६,००० लिटर. नळाचं आणि टँकरचं मिळून येतं ३८,०००, म्हणजे १२,००० जास्त. मग परवा रात्री १२ ला पंप बंद केला, खालच्या टाकीत काठी सोडून खूण केली आणि ५ ला उठून पाहिलं. पाणी ९ सेंटिमीटर खाली! टाकी ५ बाय ४ मीटरची, म्हणजे १,८०० लिटर गेले. तासाला ३६०. (बायको म्हणाली, पोरांच्या अभ्यासाला कधी एवढ्या पहाटे उठला नाहीत.)

गोदेला पूर किती हे आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. स्वतःच्या टाकीचं मात्र कोणाला काही माहीत नाही.

दोन प्रश्न. गळती नेमकी कुठे, हे फोडाफोडी न करता कसं कळेल? आणि अख्ख्या शहराचा असा हिशेब पाणीपुरवठावाले कसा करतात?

जुना_व्हॉल्व्हमन
सेक्रेटरीसाहेब, काठी सोडलीत तिथंच निम्मं काम झालं. एक दिवस टाकी भरू नका, पाणी उतरू द्या. ज्या उंचीला उतरायचं थांबेल तिथं भोक. तळापर्यंत उतरत राहिलं तर तळ बघा.

शहराचं गणित हेच, फक्त टाक्या मोठ्या. नाशिकला पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतून येतं. धरणावर किती उचललं, शुद्धीकरण केंद्रातून किती निघालं, प्रत्येक जलकुंभातून किती सुटलं आणि बिलात किती लागलं, हे चार आकडे शेजारी मांडायचे. जिथं फरक मोठा तिथं आधी खणायचं. फरक म्हणजे सगळी गळतीच असं नाही. बंद पडलेले मीटर आणि चोरून घेतलेली कनेक्शनंही त्यातच. सरकारी निकषाप्रमाणे हा फरक १५ टक्क्यांच्या आत हवा.

रात्री २ ते ४ लोक झोपलेले असतात, तेव्हा लाइनीत जे वाहतं ते बहुतेक गळतीचं. पण आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला सुटतं, रात्री लाइन रिकामी. मग एखादा भाग मुद्दाम रात्रभर भरलेला ठेवून मोजावं लागतं. आणि रिकाम्या लाइनीत त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, ते दुखणं वेगळंच.

निफाडचा_द्राक्षवाला
१५ ऑक्टोबरचा धरणांतला साठा बघून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला किती सोडायचं ते ठरतं. मग शहराचं आरक्षण. आम्ही आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची, वाट बघत बसतो. ठिबकची एक नळी फुटली तर मी त्याच दिवशी बदलतो, कारण वेल सुकलेला डोळ्याला दिसतो. तुमचं १,८०० लिटर कुणाच्या डोळ्याला दिसलं? भोक बुजवल्यावर किती वाचलं ते इथं लिहा, दादा.

गंगापूररोडची_ताई
मीटरचं विचारलंत म्हणून सांगते. जुन्या बिल्डिंगमध्ये किचन, बाथरूम, संडास यांना गच्चीवरून वेगवेगळे पाइप उतरतात. म्हणजे एका फ्लॅटला एक मीटर पुरत नाही, आम्हाला तीन-तीन लागले. खर्च ऐकून सभा तापली होती. आधी फक्त विंगनिहाय मीटर बसवा, नाहीतर तुमचा ठराव पडलाच म्हणून समजा. आणि फ्लशच्या टाक्या तपासा. हळद टाकायची. न ओढता भांड्यात पिवळं उतरलं की समजायचं.

नाइलाजाने_सेक्रेटरी
काका, पाणी तळापासून सव्वा मीटरवर थांबलं! टॉर्च मारला तर आग विझवायच्या पाइपासाठी भिंतीला पाडलेलं भोक नीट बुजवलेलंच नव्हतं. बिल्डिंग झाल्यापासून पाणी मागच्या आवारात मुरत होतं. तिथला आंबा एवढा का फोफावलाय ते आता कळलं.

द्राक्षवाले दादा, पुन्हा काठी सोडली. पाच तासांत अर्धा सेंटिमीटरही उतरलं नाही. म्हणजे दिवसाचे आठ हजार लिटर तरी वाचले. तरी १२,००० च्या फरकातले साडेतीन-चार हजार कुठे जातात ते राहिलंच. ताई, आज हळदीचं पाकीट घेऊन बी विंगपासून सुरुवात करतोय. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी आत घेतलं तर.