मदत हवी: तासगावात संध्याकाळी चॅनल फुटतात, सिग्नल फुल पण क्वालिटी शून्य

तासगाव_हेडएंड:
जाणकारांनी लवकर सांगा. चार दिवस झाले, सातनंतर चौकटी पडायला लागतात, नऊला पूर्ण काळं. एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, उपग्रहाचा सिग्नल वाढवून खाली पाठवणारा डबा) बदलला, आरजी-6 केबल बदलली, तिचे एफ-कनेक्टर नवे घातले. सिग्नल 90 च्या वर, क्वालिटी शून्य. सकाळी परत सगळं ठीक. ऐन मालिकांच्या वेळी केबलच्या गिऱ्हाइकांचे फोन. डिश परत ॲलाइन करू का?

मिरज_मीटर:
उपग्रह कोणता? डिश किती फुटी? एलएनबीवर 3.4–4.2 गिगाहर्ट्झ छापलंय की 3.7–4.2? हॉर्न (लहरी आत घेणारं तोंड) वेगळा आहे की एलएनबीलाच जोडून? एवढं सांगा, तोवर डिशच्या नटाला हात लावू नका.

कृष्णाकाठ:
सन आउटेज आहे. सूर्य उपग्रहाच्या मागे आला की असंच होतं. आठवडाभरात आपोआप जाईल.

मिरज_मीटर:
सन आउटेज संध्याकाळी सातनंतर? आपल्या अक्षांशावर तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, या उपग्रहांना दुपारी बारा-एकच्या सुमारास, तोही काही मिनिटांचा. रात्री नऊला सूर्य कुठं असतो?

फ्रीडिश_वाळवा:
दोन फुटी छत्री लावा आणि मोकळे व्हा. जीसॅट-15, 93.5 अंश, आग्नेयेला कंपास 130 वर, उंची 60 अंश. महिन्याचा खर्च नाही.

तासगाव_हेडएंड:
अहो दादा, मी केबल चालवतो, घरचा टीव्ही नाही विचारत.
मीटर साहेब: इंटेलसॅट-20, 68.5 अंश. सी बँडच (4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा), हेडएंडवर (चॅनल घेऊन केबलवर सोडतात त्या जागी) दुसरं काय असणार. आठ फुटी जाळीची डिश, एलएनबी 3.4–4.2, हॉर्न जोडलेलाच. नवाही तसलाच आणला. 83 अंशावर जीसॅट-30 ची बारा फुटी आहे, ती बरी चालते.

मिरज_मीटर:
जवळ नवा मोबाइल टॉवर लागलाय का?

तासगाव_हेडएंड:
हो, समोरच्या इमारतीवर 5जी, गेल्याच आठवड्यात. त्याचा टीव्हीशी काय संबंध?

मिरज_मीटर:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!
5जी मुख्यतः चालतं 3300 ते 3670 मेगाहर्ट्झवर, आपला टीव्ही 3700 ते 4200 वर. तुमचा एलएनबी 3400 पासूनच ऐकतो. उपग्रह 36,000 किलोमीटरवर, टॉवर समोरच्या गच्चीवर. डिशचं तोंड वर असलं तरी टॉवरचा मारा बाजूनं हॉर्नमध्ये घुसतो आणि एलएनबीचा पहिला ॲम्प्लिफायर तुंबतो. रिसीव्हर एकूण पॉवर मोजतो म्हणून सिग्नल फुल दिसतो, आतला डेटा मात्र चिरडलेला असतो. संध्याकाळी मोबाइलचा वापर वाढतो, टॉवर जास्त वेळ बोलतो. सकाळी ठीक असण्याचं कारण तेच.
खात्री करायची तर स्पेक्ट्रम मीटर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते दाखवणारा) लावा. एलएनबी आलेली फ्रिक्वेन्सी 5150 मधून (त्याचा एलओ) वजा करून खाली पाठवतो, म्हणून पट्टा उलटा दिसतो: 5जी चा उंचवटा 1480 ते 1850 मेगाहर्ट्झमध्ये, तुमचे चॅनल 950 ते 1450 मध्ये. मीटर नसेल तर टॉवरच्या बाजूनं एक पत्रा आडवा धरून बघा. क्वालिटी उसळली तर चोर सापडला.

विटा_सॅट:
एवढं कशाला? केबलमध्ये, रिसीव्हरच्या आधी, इनलाइन फिल्टर टाका. स्वस्तात काम.

मिरज_मीटर:
तुंबलं एलएनबीत आणि गाळणी खाली केबलला? तिथवर सगळं आधीच खराब झालेलं असतं.

विटा_सॅट:
प्रत्येक वेळी एलएनबीच तुंबतो असं नाही. लाइन ॲम्प्लिफायर किंवा स्प्लिटरपुढचा रिसीव्हर गुदमरत असेल तर केबलचा फिल्टर चालतो.

मिरज_मीटर:
मान्य. ॲम्प्लिफायर काढून एलएनबीवरून थेट एक रिसीव्हर लावून बघा. तरी क्वालिटी शून्यच असेल तर दोष वरच आहे.

तासगाव_हेडएंड:
थेट लावला. शून्यच. आता 3700–4200 एवढंच आत सोडणारा वेव्हगाइड फिल्टर मागवू?

मिरज_मीटर:
तो हॉर्न आणि एलएनबीच्या मध्ये फ्लँजला (जोडाच्या पट्टीला) बसतो. तुमचा हॉर्न जोडलेला, बसवणार कुठं? शिवाय फिल्टरचा अर्धा डीबी लॉस म्हणजे 35 केल्विन जादा नॉइज. मुळात 15–20 केल्विन नॉइजच्या एलएनबीवर सी/एन (सिग्नल नॉइजपेक्षा किती वर) दोनेक डीबी पडतो. चॅनल 8पीएसके 3/4 पद्धतीनं येत असतील तर सुमारे 7.9 डीबी लागतोच, आठ फुटीवर एवढी शिल्लक कुठली? फिल्टर आत असलेला 5जी एलएनबी घ्या.
आणि डिश गच्चीच्या कडेवरून टाकीमागे न्या. 68.5 साठी तासगावात उंची जवळजवळ 69 अंश, म्हणजे भिंतीच्या आडोशालाही आकाश मोकळं राहतं. आडोसा नसेल तर जाळी उभी करा, छिद्र 8 मिलिमीटरपेक्षा मोठं नको. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चालणार नाही.

कृष्णाकाठ:
टॉवरवाल्याची तक्रार का नाही करत?

विटा_सॅट:
तो त्याच्याच पट्ट्यात बोलतोय, आपला एलएनबी परक्या पट्ट्यात कान देतोय. तक्रार कशाची लिहिणार?

तासगाव_हेडएंड:
5जी एलएनबी बसवला, डिश टाकीमागे घेतली. काल रात्री दहालाही एमईआर (क्वालिटीचं डीबीतलं माप) 10.5. पण उभ्या पोलरायझेशनचा (उभ्या लहरींचा) एक ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरून एकत्र येणारा चॅनलचा गट) 8 च्या आसपास झुलतोय.

मिरज_मीटर:
नवा एलएनबी सरळ बसवला असणार. 68.5 ला तासगावात सुमारे 19 अंश फिरवावा लागतो. क्लॅम्प ढिला करा, तोच ट्रान्सपॉन्डर लावून दोन-दोन अंशांनी फिरवा, एमईआर सर्वांत वर जाईल तिथं आवळा आणि मार्करनं खूण करा.

तासगाव_हेडएंड:
फिरवला. 10.2. 83 च्या डिशलाही हाच एलएनबी घालू का?

विटा_सॅट:
रात्री नऊला तिचा एमईआर बघा. सकाळइतकाच असेल तर हात लावू नका.