चिनी ‘गाडी’ हे अक्षर चार रेघांचं की सात?

चटईवाला, जळगाव
राम राम मंडळी. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशिन मेंटेनन्सला आहे. कँटन फेअर या मोठ्या व्यापार मेळ्यात सुटे भाग पाहायला मालकांसोबत चीनमधल्या ग्वांगचौ शहरात जायचं ठरतंय, म्हणून रात्री जेवण झालं की वही घेऊन बसतो. गाडीचं ‘छऽ’ हे अक्षर पुस्तकात सात रेघांचं आहे, मोबाइलवर चारच. कोणतं गिरवू? आणि उभी रेघ कधी मारायची?

दुभाष्या, भुसावळ
भाऊ, दोन्ही खरी. सात रेघांचं जुनं रूप. तैवान, हाँगकाँगला आजही तेच. चीनने १९५६ मध्ये अक्षरं सोपी करायची योजना काढली, त्यानंतरचं हे चार रेघांचं. तुम्हाला तेच लागेल.

तरी जुनं एकदा नीट बघाच. ती वरून पाहिलेली दोन चाकांची गाडी आहे: मधला चौकोन बसायची जागा, वरची-खालची आडवी रेघ म्हणजे चाकं आणि आरपार गेलेली उभी रेघ म्हणजे आस. हे एकदा दिसलं की अक्षर विसरणं नाही.

आता हात, चार रेघांच्या रूपाचा. आधी आडवी. मग तिरपी डावीकडे खाली आणून, पेन न उचलता उजवीकडे वळवा. मग लांब आडवी. उभी सगळ्यात शेवटी. पण हेच अक्षर ‘चाक’सारख्या अक्षरात डाव्या अंगाला बसतं, तेव्हा उभी तिसरी आणि शेवटची रेघ खालून वर तिरपी जाते. दोन्ही वळणं वेगवेगळ्या पानांवर घोटा, हात आपोआप बसतो.

बुद्धिबळप्रेमी, नंदुरबार
उच्चार सपाट आणि उंच ठेवा, शेवटी आवाज खाली पडू देऊ नका. चिनी बुद्धिबळातल्या सोंगटीवरही हेच अक्षर असतं, पण तिथे त्याला ‘च्यू’ म्हणतात.

प्रवासी, धुळे
भारी शे भाऊ! आता पुढचं शिका. ‘छऽ’च्या आधी ‘आग’चं अक्षर आलं की आगगाडी, नंतर ‘चान’ आलं की स्टेशन. आणि ‘दक्षिण’, ‘पूर्व’ ही दोन अक्षरं सोडू नका. ग्वांगचौला स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत; फास्ट गाड्या बहुतेक दक्षिण स्टेशनवरून सुटतात. टॅक्सीवाल्याला अक्षरंच दाखवा.

चटईवाला, जळगाव
आभार. ‘दक्षिण’च्या रेघा कोणत्या क्रमाने, दुभाष्या भाऊ?