घरात डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) माणूस : नेमका आधार कशाचा झाला?

‘काळजी घ्या, धीर धरा’ सगळेच म्हणतात. २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त इथे तेवढं सोडून लिहा. कुणी काय केलं आणि तुमचा भार हलका झाला? सुरुवात मीच करते.

कोथरूड
दिवेलागण झाली की सासूबाई पिशवी घेऊन दाराशी. “घरी जाते, आई वाट बघत असेल.” हेच तुमचं घर म्हटलं की भडकायच्या. या आजारात संध्याकाळी घालमेल वाढते, असं डॉक्टर म्हणाले. आता शेजारच्या काकू हाक मारतात, “चला, मीही तिकडेच निघालेय!” सोसायटीला एक फेरी होते. परत आल्या की सासूबाई चपला काढत म्हणतात, “पोचलो बाई एकदाच्या.” तोवर माझा कुकर झालेला असतो. काकूंनी आजाराबद्दल आजवर एक प्रश्न विचारलेला नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

सिंहगड रोड
बाबांचं निदान कळताच वकील मावसभावाने येऊन आम्हाला समोर बसवलं. माणसाची समज गेली की त्याने दिलेलं कुलमुखत्यारपत्रही (आपले व्यवहार दुसऱ्याने करायचा लेखी अधिकार) कायद्याने संपतं, हे किती जणांना माहीत असतं? बाबांना कळत होतं तेव्हाच खातं जॉइंट केलं, मृत्युपत्र उरकलं.

सदाशिव पेठ
आम्हाला आधार म्हणून ब्राह्मी, बदाम आणि शब्दकोडी मिळाली. नणंद परदेशात. व्हिडिओ कॉलवर आई तिच्याशी दहा मिनिटं इतक्या छान बोलतात की ती म्हणायची, “आई तर ठणठणीत आहे की, वहिनी!” गणपतीत राहायला आली. रात्री दोनला आई भांडी काढून ओट्यावर मांडायला लागल्या, तेव्हा तीच उठून बसली त्यांच्याजवळ. तेव्हापासून वर्षातून एकदा ती येते आणि मी माहेरी जाते. सल्ले बंद.

हडपसर
विसरभोळेपणा दिसला की आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा. ते बरं होण्यासारखं असतं. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ हाताशी ठेवा.

औंध
वडील अंघोळीच्या वेळी अंगाला पाणी लावू देत नाहीत. काही उपाय?

कोथरूड
‘अंघोळ’ म्हणूच नका. “पाय शेकायला गरम पाणी काढलंय” म्हणा आणि पायांपासून वर या. डोक्यावर तांब्या शेवटी, तोही जमला तर. पंचा आधीच खांद्यावर टाकून ठेवा, उघडं वाटलं की बिथरतात.