कल्पना ते हस्तलिखित: तुमचं लेखन कुठे अडलं, कसं सुटलं?

माझी पहिली कादंबरी गेल्या महिन्यात लिहून झाली. सुचली होती ९ वर्षांपूर्वी. इतकी वर्षं मी पहिली तीन प्रकरणंच घासूनपुसून लिहीत होतो. चौथं सुरूच होत नव्हतं. शेवटी मागचं वाचणं बंद केलं. चूक आठवली की वहीत टिपायची आणि पुढे जायचं. पाच महिन्यांत कच्चा खर्डा झाला. त्या तीन प्रकरणांतली फक्त दोन पानं उरली, गोष्ट खरी चौथ्यापासूनच सुरू होत होती! तुमचे अनुभव लिहा. अर्धवट राहिलेल्या लेखनाचेही.

*

माझ्याकडे कल्पना होती, गोष्ट नव्हती. विस्मरण झालेले वडील रोज विचारतात, "आई कधी येणार?" आई जाऊन वर्ष झालंय. मुलगी रोज सांगते, "उद्या." एवढंच सुचलेलं. चाळीस पानं झाली की लेखणी थांबायची, कारण रोज तेच घडत होतं. दोन वर्षांनी लक्षात आलं, की त्या मुलीला अडवणारं कुणीच नाही. मग भाऊ आला. वडिलांना खरं सांगायलाच हवं, या मताचा, आणि तोही चुकीचा नाही. तो घरात शिरला त्या दिवसापासून प्रसंग आपोआप पुढे सरकू लागले. 'पुढे काय होईल' याऐवजी 'आता कोण कुणाला अडवेल' हे विचारायची सवय लागली ती तेव्हापासून.

*

मी नोकरी सांभाळून लिहिलं. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात होता. पहाटे साडेपाचला बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. मी तसं करून पाहिलं आणि आठवड्यात थकलो. मग दिवसाला ३००च शब्द ठरवले, आठवड्याचे पाच दिवस. चाळीस आठवड्यांत ६०,००० झाले. दिवसाचं काम संपवताना पुढच्या प्रसंगाचं पहिलं वाक्य लिहून ठेवायचो, त्यामुळे सकाळी कोऱ्या पानासमोर बसावं लागलं नाही.

*

संवाद मोठ्याने वाचा. माझ्या गोष्टीतली आजी आणि तिची नात एकाच आवाजात बोलतात, हे मला कानांनी सांगितलं, डोळ्यांना दिसलं नव्हतं.

*

खर्डा तीन जणांना वाचायला दिला. तिघांनीही मधल्या भागावर बोट ठेवलं, पण उपाय तिघांचे तीन. एकाला प्रेमप्रकरण हवं होतं, एकाला खून. मी कुणाचाच उपाय घेतला नाही, पण दुखणं तिथेच आहे हे मानलं. शोधता शोधता सापडलं: निवेदन प्रथमपुरुषी, आणि नायिका मधल्या सगळ्या घटनांच्या वेळी दुसरीकडेच! तिला सगळं ऐकीव कळत होतं. १८० पानं तृतीयपुरुषात नव्याने लिहिली. नुसतं 'मी'च्या जागी 'ती' घालून भागत नाही, प्रत्येक वाक्याची नजर बदलते. ते चार महिने मला सगळ्यात जास्त शिकवून गेले.

*

माझं अपुरंच आहे. शेवट पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण तो माझ्या बहिणीच्या अखेरच्या दिवसांवरून घेतलाय आणि तिथवर पोचायच्या आधीच मी दरवेळी वही मिटते. क्रमाने लिहायला हवं असं मला कुणी सांगितलेलं नाही, मीच ठरवून बसले होते. आज रात्री शेवटचं प्रकरण आधी लिहायला घेते.